वाचक विचारतात: काउंटी क्लार्कच्या ऑफिसात असतं तरी काय?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या काउंटी कोर्टांबद्दल लिहिलं होतं त्यावर पत्रं बरीच आली, आणि गंमत म्हणजे जज, ज्युरी, वकील यांच्याबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही, सगळ्यांची गाडी त्या क्लार्कवर येऊन अडली. बरं वाटलं, कारण माझ्या मते त्या कोर्टातला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस तोच आहे. या वेळी सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतो.

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. लग्नाचं लायसन्स काढायला काउंटी क्लार्ककडे गेलो, शेजारच्या खिडकीत एक बाई घराच्या खरेदीचे कागद नोंदवत होत्या, भिंतीवर कोर्टाच्या तारखा लावलेल्या. हा माणूस नक्की कुणाचा? कोर्टाचा का नोंदणी खात्याचा?

दोन्हीचा, आणि हा घोळ आजचा नाही, पार १६३४ पासूनचा आहे. त्या साली व्हर्जिनिया वसाहतीचे आठ भाग पाडले, त्याच पुढे काउंट्या झाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी एक काउंटी कोर्ट बसायला लागलं. आता हे कोर्ट म्हणजे आपण समजतो तसं नुसतं खटले चालवणारं कोर्ट नव्हतं बरं का, रस्ता कुठून न्यायचा, कर किती बसवायचा, खानावळीला परवाना द्यायचा का नाही, अनाथ पोराला कुणाकडे ठेवायचं, मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र खरं का खोटं, सगळं तिथेच. म्हणजे सरकार म्हणून गावातल्या माणसाला जे काही दिसायचं ते एवढंच. आणि न्यायाला बसणारे कोण, तर आसपासचे मोठे जमीनदार, त्यांना पगार नाही, कायद्याचं शिक्षण नाही, महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे आणि बाकी दिवस आपापली तंबाखूची शेती बघायचे. मग कायद्याचा नमुना कसा लिहायचा, मागच्या वेळी काय ठरलं होतं, कुठला कागद कुठे आहे, हे माहीत कुणाला? क्लार्कला. अर्धं कोर्ट त्याच्या डोक्यात आणि उरलेलं अर्धं त्याच्या वहीत.

त्यामुळे कोर्टाच्या नावाने जे जे झालं ते ते त्याच्याकडे साचत गेलं, आणि पुढे देश वाढला, राज्यं झाली, त्यांनी आपापल्या सोयीने वाटण्या केल्या. तुमच्या टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क वेगळा आणि डिस्ट्रिक्ट कोर्टाचा क्लार्क वेगळा. पेनसिल्व्हेनियात दिवाणी दाव्यांचे कागद सांभाळणाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात, खरेदीखतं मात्र दुसऱ्याच ऑफिसात. केंटकीत काउंटी क्लार्ककडे गाडीचं रजिस्ट्रेशनसुद्धा होतं. कनेक्टिकट, व्हरमाँटकडे जमिनीचे कागद काउंटीकडे नाहीतच, ते टाउन क्लार्ककडे. खुद्द व्हर्जिनियाने १९०४ मध्ये काउंटी कोर्टंच बंद केली, पण क्लार्क गेला नाही, तो सर्किट कोर्टाचा क्लार्क म्हणून त्याच वह्या घेऊन बसला. कोर्ट गेलं, ऑफिस राहिलं.

लायसन्स मिळालं असेल तर ७२ तास थांबायला लागतं तुमच्याकडे, आणि ९० दिवसांत लग्न उरकायला लागतं, हे क्लार्कने सांगितलंच असेल. अभिनंदन!

प्रश्न: त्या काळात क्लार्कला पगार किती असायचा?

पगार नव्हताच. फी असायची. प्रत्येक कागदाची वेगळी, समन्स काढलं त्याची, खरेदीखत वहीत उतरवलं त्याची, नक्कल दिली त्याची, शोधून दाखवलं त्याचीसुद्धा. आणि व्हर्जिनियात ही फी ठरलेली असायची तंबाखूच्या पौंडांत, कारण रोख नाणं गावात फारसं नव्हतंच, कर पण तंबाखूत आणि पाद्र्याचा पगार पण तंबाखूत. वसुली करायचा शेरीफ, करासोबतच.

हा फीचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण या ऑफिसाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते दोनच गोष्टी बघायच्या, पैसा कुठून येत होता आणि कागद कुठे ठेवला होता. बाकी सगळं त्यातूनच निघतं. फी मिळते म्हणून जागा मोलाची, जागा मोलाची म्हणून सोडायची नाही. वसाहतीच्या काळात नेमणूक होती वसाहतीच्या सेक्रेटरीच्या हातात, त्यामुळे त्याच्या ऑफिसात उमेदवारी केलेली, म्हणजे हाताखाली राहून काम शिकलेली पोरं पुढे जाऊन काउंट्यांमध्ये बसायची आणि एकदा बसला की वीस वीस, तीस तीस वर्षं हलायचा नाही, मग मुलगा, मग पुतण्या. व्हर्जिनियात १८५१ च्या राज्यघटनेने ही जागा निवडणुकीने भरायला सुरुवात केली, म्हणजे त्याआधी दोनशे वर्षं लोकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आज तिथे सर्किट कोर्टाच्या क्लार्कची टर्म ८ वर्षांची आहे.

ही उमेदवारी म्हणजे एक प्रकारचं लॉ कॉलेजच होतं म्हणा ना. एडमंड पेंडलटन नावाचा पोरगा, बाप जन्माआधीच वारलेला, घरची परिस्थिती बेताची, १७३५ मध्ये चौदा वर्षांचा असताना कॅरोलाइन काउंटीच्या क्लार्ककडे उमेदवारीला लागला. दावे उतरवून उतरवून कायदा शिकला आणि पुढे व्हर्जिनियातला सगळ्यात मोठा न्यायाधीश झाला.

प्रश्न: सगळ्यात जुनं दप्तर कुठे आहे? आणि त्यात वाचण्यासारखं काही आहे का का नुसते हिशेब?

व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर ईस्टव्हिल नावाचं छोटंसं गाव आहे, नॉर्थम्प्टन काउंटीचं. तिथे १६३२ पासूनची, म्हणजे काउंट्या पाडायच्याही आधीपासूनची, कोर्टाची दप्तरं आहेत, मधे खंड न पडता. अमेरिकेत एवढी जुनी आणि सलग दुसरीकडे नाहीत.

वाचण्यासारखं विचारता? एकच नमुना देतो. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकन माणूस १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणला गेला, कागदात नाव नुसतं अँटोनियो. तो पुढे मोकळा झाला, लग्न केलं, १६५१ पर्यंत त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन लागली. त्याच्याकडे जॉन कॅसर नावाचा एक आफ्रिकन नोकर होता, तो म्हणायला लागला की माझा करार कधीच संपलाय, हा मला बळजबरीने ठेवतोय, आणि शेजारच्या एका गोऱ्याकडे कामाला गेला. जॉन्सन कोर्टात गेला. १६५५ मध्ये नॉर्थम्प्टनच्या कोर्टाने निकाल दिला की कॅसर जॉन्सनकडे परत जाईल, आणि तोही जन्मभरासाठी. गुन्हा काहीही नसताना एखाद्याला दिवाणी दाव्यात आयुष्यभराचा गुलाम ठरवल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण, आणि मालक स्वतः त्याच वाटेने आलेला. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते फक्त एका क्लार्कने त्या दिवशी ते नीट वहीत उतरवलं म्हणून. जॉन्सनने ना पत्र लिहिलं ना डायरी.

आणि त्याच राज्यातली दुसरी एक वही सांगतो, ही वाचताना जरा जड जातं. १७९३ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की शहरांत राहणाऱ्या मोकळ्या काळ्या माणसांनी क्लार्ककडे नाव नोंदवायचं, १८०३ मध्ये तो काउंट्यांना लागू झाला, काउंटीत दर तीन वर्षांनी परत यायचं. वहीत नंबर, नाव, वय, उंची, रंगाची छटा, आणि मग खुणा, डाव्या हातावर भाजल्याचा डाग, कपाळावर व्रण, एक बोट वाकडं, असं. त्याखाली हा मोकळा कसा, जन्मतःच का कुणाच्या मृत्युपत्राने. त्यावरून एक नक्कल मिळायची, ती खिशात नसेल तर पळून आलेला गुलाम म्हणून धरलं जायची भीती. फोटो नव्हते तेव्हा, क्लार्क टेबलापलीकडून बघून जे लिहील ते तुमचं रूप. आज ज्यांचे पूर्वज या वह्यांत आहेत ती मंडळी तिथे येऊन हीच वर्णनं वाचतात, कारण त्या माणसाचं दुसरं कुठलंच चित्र उरलेलं नाही.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत शिकते, तिला प्रोजेक्टसाठी व्हर्जिनियातल्या एका काउंटीचे जुने कागद हवे होते. तिथल्या लायब्ररीत सांगितलं ती 'बर्न्ड काउंटी' आहे. म्हणजे काय?

म्हणजे जळलेली काउंटी, अगदी शब्दशः. वंशावळ शोधणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द कायम असतो आणि तो उच्चारताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

सुरुवातीला क्लार्क ऑफिस घरातच थाटायचा. म्हणजे काउंटीभरच्या जमिनीचे कागद एका माणसाच्या घरी, लाकडी घर, शेकोटी, मेणबत्त्या, आणि पोरंबाळं. नॅन्समंड काउंटीचं बघा, १७३४ मध्ये क्लार्कचं घर जळलं, दप्तर गेलं. नव्याने सुरू केलं, १७७९ मध्ये ब्रिटिश सैन्याने तिथलं सफोक गाव जाळलं, ते गेलं. परत सुरू केलं, १८६६ मध्ये तिसऱ्यांदा आग. तीनदा! तिथे पूर्वज शोधणाऱ्याने सरळ दुसरा छंद धरावा.

म्हणून मग हळूहळू क्लार्कसाठी वेगळी इमारत बांधायची पद्धत पडली. व्हर्जिनियातल्या जुन्या गावांमध्ये कोर्टाच्या शेजारी एक बुटकी, जाड विटांची, एक-दोन खोल्यांची इमारत दिसते ना, ती हीच, कोर्ट जळलं तरी दप्तर वाचावं म्हणून मुद्दाम अंतर ठेवून बांधलेली. साउथ कॅरोलायनात तर चार्ल्सटनला रॉबर्ट मिल्स या आर्किटेक्टने खास काउंटीच्या दप्तरांसाठी १८२७ मध्ये अशी इमारत उभी केली की तिचं नावच फायरप्रूफ बिल्डिंग पडलं. सगळी दगड-विटांची, लाकूड शक्य तितकं टाळलेलं. १८८६ चा भूकंपही तिने झेलला, आजही उभी आहे.

पण सगळ्यात मोठा घात झाला तो काळजीपोटी. सिव्हिल वॉर, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण ही अमेरिकेतली यादवी, सुरू झाल्यावर पूर्व व्हर्जिनियातल्या बऱ्याच क्लार्कांनी विचार केला की आपलं गाव तर सैन्याच्या वाटेवर आहे, राजधानी सुरक्षित, म्हणून वह्या पेट्यांत भरून रिचमंडला पाठवल्या. एप्रिल १८६५ मध्ये कॉन्फेडरेट म्हणजे दक्षिणेच्या सैन्याने रिचमंड सोडलं आणि सोडताना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तंबाखूची गोदामं पेटवून दिली, आग पसरली, आणि ज्या इमारतीत या सगळ्या काउंट्यांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या ती जळून खाक. शेजारचं कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन, वाचलं बरं का, ही जळली. ज्यांनी आळस केला, वह्या हलवल्याच नाहीत, अशा कित्येकांचं दप्तर मात्र शाबूत राहिलं. ग्लॉस्टर काउंटीचं नशीब तर असं की आधीचं दप्तर १८२० च्या आगीत गेलं होतं आणि नंतरचं रिचमंडला जाऊन जळलं.

हे फक्त दक्षिणेतच झालं असं नाही. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळलं तेव्हा कुक काउंटीचं कोर्टहाउस गेलं आणि सगळ्या शहराची जमीन कुणाची याचा सरकारी पुरावाच नाहीसा झाला. विचार करा, लाखो लोकांचं शहर, प्रत्येकजण म्हणणार हा प्लॉट माझा. वाचवलं कुणी, तर खाजगी कंपन्यांनी, ज्या फी घेऊन मालकीचा इतिहास काढून द्यायच्या आणि त्यासाठी काउंटीच्या वह्यांची स्वतःपुरती टिपणं ठेवायच्या. आगीच्या रात्री त्यांच्या माणसांनी शक्य तितक्या वह्या ओढून बाहेर काढल्या. एकाची सगळी वाचली नव्हती, दुसऱ्याची नव्हती, पण तीन कंपन्यांची एकत्र केल्यावर भागलं. पुढच्याच वर्षी इलिनॉयने बर्न्ट रेकॉर्ड्स ॲक्ट केला आणि या खाजगी टिपणांना कोर्टात पुरावा म्हणून मान्यता दिली. सरकारी दप्तर गेलं आणि धंदेवाल्यांची टिपणं सरकारी झाली, कमाल आहे की नाही?

आणि सिनसिनाटीत १८८४ मध्ये तर एका खुन्याला फाशीऐवजी कमी शिक्षा दिली म्हणून चिडलेल्या जमावाने कोर्टहाउसच पेटवलं. दप्तराचा काय दोष!

तुमच्या मुलीला सांगा, काउंटीचं गेलं म्हणून हात वर करायचे नाहीत. जमीन पहिल्यांदा सरकारकडून मिळाल्याच्या नोंदी राज्याकडे असतात, कराच्या याद्यांची एक प्रत राज्याकडे जायची, शेजारच्या काउंटीत त्याच कुटुंबाचा एखादा दावा असतो, आणि आग लागल्यानंतरच्या चार-पाच वर्षांच्या वह्या नक्की बघायच्या, कारण लोक घरातली मूळ खरेदीखतं घेऊन धावत यायचे आणि पुन्हा नोंदवून घ्यायचे. १८६६ च्या वहीत १८१० चं खत सापडतं ते असं.

प्रश्न: जॉर्ज वॉशिंग्टनचं मृत्युपत्र खरंच एका काउंटी ऑफिसात आहे?

हो, फेअरफॅक्स काउंटीत. २० जानेवारी १८०० ला ते तिथल्या कोर्टात सादर झालं आणि कुणाही शेतकऱ्याचं नोंदवतात तसंच नोंदवलं गेलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, जवळजवळ प्रत्येक पानाखाली सही, आणि त्यात आपल्या मालकीच्या गुलामांना मोकळं करायची सोय. १८६१ मध्ये क्लार्कने ते रिचमंडला नेलं, म्हणजे वर सांगितलेली तीच चूक, पण हे एक वाचलं. परत आलं तेव्हा पानं घड्यांवर तुटली होती.

त्याच्या बायकोचं, मार्थाबाईंचं मृत्युपत्र मात्र फेअरफॅक्सलाच राहिलं होतं. १८६२ मध्ये युनियन म्हणजे उत्तरेच्या सैनिकांनी कोर्टहाउसची नासधूस केली त्यात ते ओहायोच्या एका अधिकाऱ्याने उचललं, घरी नेलं, त्याच्या मुलीने १९०३ मध्ये ते जे. पी. मॉर्गनला विकलं. हो, तोच बँकवाला. व्हर्जिनियाने परत मागितलं, नाही मिळालं, मग १९१५ मध्ये राज्याने थेट सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि निकालापर्यंत जायच्या आधीच मॉर्गनच्या मुलाने ते परत केलं. आज नवरा-बायकोची दोन्ही मृत्युपत्रं परत एकाच ऑफिसात आहेत.

प्रश्न: क्लार्क फक्त शिक्के मारतो ना? मग केंटकीतल्या त्या बाईंवरून एवढा गदारोळ का झाला होता?

किम डेव्हिस, रोवन काउंटीची क्लार्क. जून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला देशभर मान्यता दिली आणि या बाईंनी सांगितलं की माझ्या धर्मात बसत नाही, म्हणून मी कुणालाच लायसन्स देणार नाही. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून सप्टेंबरमध्ये पाच दिवस तुरुंगात, तेवढ्या वेळात हाताखालच्यांनी लायसन्सं देऊनही टाकली. पुढच्या वर्षी राज्याने फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं. २०१८ ची निवडणूक बाई हरल्या. फीबद्दल लिहिलं तेव्हा मुलगा, पुतण्या म्हणालो होतो ना, तर यांच्या आधी क्लार्क होत्या त्यांच्या आई, ३७ वर्षं. म्हणजे ती सवय २१ व्या शतकातही गेली नव्हती.

पण 'फक्त शिक्का' हे पहिल्यापासूनच खोटं आहे. खिडकीपलीकडचा माणूस बघतो आणि ठरवतो. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाने काळ्या किंवा आशियाई माणसाशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्पीरियल व्हॅलीत पंजाबातून आलेले शेतकरी होते, बायका आणायची सोय नव्हती, त्यांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. चालायचं का? क्लार्कवर अवलंबून! दोघांचा रंग त्याला सारखा वाटला की फॉर्मवर वंशाच्या रकान्यात दोघांनाही 'ब्राउन' लिहायचा आणि लायसन्स द्यायचा. एका काउंटीत नाही म्हटलं तर लोक दुसरीत जायचे. कायदा एकच, खिडक्या वेगळ्या.

तो कायदा पडला तोही एका क्लार्कच्या 'नाही'मुळेच. अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस अँजेलिस काउंटीच्या ऑफिसाने लायसन्स नाकारलं, कारण ती मेक्सिकन म्हणजे कागदावर गोरी आणि तो काळा. ते कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये ४ विरुद्ध ३ ने जिंकले. केसचं नाव पेरेझ विरुद्ध शार्प, हा शार्प म्हणजे तिथला काउंटी क्लार्क. त्याच्या नावाने इतिहासात कायमचा दावा लागला बिचाऱ्याच्या.

उलटं उदाहरणही आहे. १९७५ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या क्लार्क क्लेला रोरेक्स यांच्याकडे दोन पुरुष लायसन्स मागायला आले. कायद्यात नवरा-बायको पुरुष आणि स्त्रीच हवेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, बाईंनी सरकारी वकिलाचं मत घेतलं आणि दिलं. सहा जोडप्यांना दिली, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलने थांबवलं. चिडलेला एक गृहस्थ चक्क घोडी घेऊन आला, की मग मलाही हिच्याशी लग्न करायचंय, द्या लायसन्स. बाईंनी शांतपणे फॉर्म काढला, घोडीचं नाव विचारलं, वय विचारलं. तो म्हणाला आठ. मग बाई म्हणाल्या की ती अल्पवयीन आहे, आई-वडिलांची संमती लागेल. फॉर्म कसा भरायचा हे ज्याला पाठ आहे त्याच्या नादी लागू नये!

प्रश्न: क्लार्ककडे बंदूक असायची का? (हसू नका.)

हसत नाही. १४ मार्च १९१२, हिल्सव्हिल, व्हर्जिनिया. फ्लॉइड ॲलनला एक वर्षाची शिक्षा सुनावली, तो म्हणाला मी येणार नाही, आणि कोर्टातच गोळीबार सुरू झाला. जज, सरकारी वकील, शेरीफ, एक ज्युरर आणि एक साक्षीदार मुलगी, पाच जण मेले. क्लार्क डेक्स्टर गोड जखमी झाला आणि तोही गोळ्या झाडत होता. पहिली गोळी कुणाची यावर तिथे अजून वाद चालतात. ॲलन आणि त्याच्या मुलाला १९१३ मध्ये मृत्युदंड झाला.

प्रश्न: माझ्या मित्राचे पणजोबा आयर्लंडहून आले, त्यांचे नागरिकत्वाचे कागद काउंटी क्लार्ककडे सापडले. हे तर केंद्राचं काम ना?

आज केंद्राचं. पण १७९० च्या कायद्यापासून रेकॉर्ड ठेवणारं कुठलंही कोर्ट नागरिकत्व देऊ शकायचं, त्यामुळे बोटीतून उतरलेला माणूस जवळच्या काउंटीत जायचा, आधी इराद्याचं पत्र आणि काही वर्षांनी अर्ज. फॉर्म प्रत्येकाचे वेगळे, तपासणी नावापुरती, निवडणूक जवळ आली की रांगा. १९०६ मध्ये सगळ्यांना एकच फॉर्म आणि केंद्राची देखरेख आली, आणि क्लार्क कटकट करू नयेत म्हणून अर्धी फी त्यांनाच ठेवायला दिली, वर्षाला ३००० डॉलरपर्यंत. पुन्हा फी!

प्रश्न: वह्या हाताने लिहायचे ते कधी थांबलं? आणि आता हे कागद सांभाळतात कसे?

एकदम थांबलं नाही. साधारण १९०० च्या आसपास एक विचित्र टाइपरायटर आला, एलियट-फिशरचा, तो उघड्या बांधीव वहीवर आडवा बसवायचा आणि वहीच्या पानावरच टाइप करायचं. नंतर फोटोस्टॅट आले, म्हणजे कागदाचा फोटोच वहीत. मग मायक्रोफिल्म, यूटाहच्या वंशावळ सोसायटीने १९३८ पासून जगभरात फिल्मिंग सुरू केलं, अमेरिकेतल्या काउंट्या पण त्यात आल्या, आणि २०२१ मध्ये त्यांचे चोवीस लाख रोल डिजिटाइझ करून झाले. आज घरबसल्या जे दिसतं त्यातलं बरंच तिथलं आहे.

सांभाळणं मात्र वेगळीच कथा. जुनी शाई लोहयुक्त, ती वर्षानुवर्षं कागद खाते, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं. सुट्या दाव्यांचे कागद तीन घड्या घालून, लाल फितीने बांधून, वुडरफ नावाच्या लोखंडी अरुंद ड्रॉवरमध्ये उभे कोंबलेले. घडी उघडली की तुटते. १९३० नंतर व्हर्जिनियात विल्यम बॅरो नावाच्या माणसाने पानं सेल्युलोज ॲसिटेटमध्ये लॅमिनेट करायचं तंत्र काढलं, लोकांना वाटलं सुटलो, शेकडो वह्या करून घेतल्या. काही दशकांनी ते प्लॅस्टिकच बिघडायला लागलं, आम्ल सुटायला लागलं, वही उघडली की व्हिनेगरचा वास. आता ॲसिटोनमध्ये पान पान बुडवून ते परत सोडवतात. त्याचा खर्च कुठून, तर आज कुणी घर घेतलं की नोंदणीच्या फीतला छोटासा हिस्सा या कामाला जातो. वॉशिंग्टनच्या काळातल्या वहीची डागडुजी आजच्या फ्लॅटवाल्याच्या खिशातून. मला हे आवडतं.

प्रश्न: पेनसिल्व्हेनियात जुन्या घराचा इतिहास शोधतोय. इंडेक्सच्या वहीत 'एल एम एन आर टी' अशी अक्षरं आहेत, काही कळत नाही.

याला रसेल इंडेक्स म्हणतात, पहिल्यांदा बघितलं की कोडंच वाटतं. आडनावं हजारो, सगळी ए टू झेड लावायची तर रोज नवं नाव मधेच घुसवायला लागेल, म्हणून ही पाच की-अक्षरं निवडली. आडनाव इंग्रजीत लिहा. समजा पाटील. पहिलं अक्षर पी, म्हणजे पी-ची वही घ्यायची. पुढच्या अक्षरांत या पाचपैकी पहिलं कुठलं येतं? टी. त्यानंतरचं? एल. मग वहीच्या सुरुवातीच्या तक्त्यात टी आणि एल जिथे भेटतात तिथे एक आकडा असेल, त्या पानावर तुमचे पाटील, बाकी सगळ्या टी-एल वाल्यांसोबत, नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने. विकणाऱ्यांचा इंडेक्स वेगळा आणि घेणाऱ्यांचा वेगळा, दोन्ही बघायचे, आज ज्याच्या नावावर घर आहे तिथून उलटं मागे जायचं, प्रत्येक घेणारा आधी कुणाकडून घेतोय ते लिहीत जायचं. एखादी कडी सापडत नसेल तर विकलेलं नसणार, बाप मेला असेल, तेव्हा मृत्युपत्रांच्या वहीत जा.

आणि जोशी, भावे, ओक असलात तर? या नावांत पाचपैकी एकही अक्षर नाही. अशांसाठी शेवटी 'मिसलेनियस' असा एक रकाना असतो, त्यात सगळे एकत्र कोंबलेले. ते मात्र ओळ न् ओळ वाचायला लागतं.